जनरलचं बालपण आणि माझा ड्रॉवर

मुलीला शाळेत अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या एका जनरलवर बोलायचं होतं. तो गुलामगिरी टिकवायला लढलेला. भाषण मी लिहून दिलं. त्यात फक्त त्याचं पोरकं बालपण आणि शौर्य.

“बाबा, गुलामांचं का गाळलंस?”

“कशाला उगाच वाद?”

“ॲज यूज्वल! तुझ्या ड्रॉवरमध्ये कामगारांचे पासपोर्ट असतात, तेही तू कुणाला सांगत नाहीस.”

आखातातल्या जबल अलीच्या कामगार कॅम्पचा मी सुपरवायझर. कुणी काम सोडून जाऊ नये म्हणून पासपोर्ट अडकवून ठेवायची तिथे रीतच होती.

शाळेत तिनं जनरलचं गुलामांसकट सगळं सांगितलं. टाळ्या थांबेनात. मी मान खाली घालून ऐकत होतो.

दुसऱ्या सकाळी कॅम्पवर एकेकाला बोलावून मी पासपोर्ट हातात दिले.

“साब, नौकरी खलास?” एकजण घाबरला.

“नहीं भाई, तेरा है, तू रख.”

तो धावतच बाहेर गेला, आणि सगळ्या बराकीत शिट्ट्या घुमल्या.