थांब गं बाई

फुटबॉल वर्ल्ड कपच्या आदल्या वर्षी आखातात, मुशैरिब मेट्रो स्टेशनजवळ, विनाचालक बसची चाचणी चालू होती. मी पुढच्याच सीटवर बसलो. चाचणीपुरते स्टिअरिंगमागे एक काका होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. उजवा पाय मात्र ब्रेकच्या वर अधांतरी.

एक कामगार अचानक रस्त्यात उतरला आणि काका पुटपुटले, "थांब गं बाई, थांब!"

बस आपोआप थांबली.

"काका, मराठी?"

"एस्टीवर वीस वर्षं काढली, बाळा. गाडीशी बोलायची सवय जाईना."

"मग ब्रेक का नाही मारला?"

"उगाच मारला तर चाचणी फेल, नोकरी खलास. नाही मारला आन् माणूस गेला, तर जेलात मी."

मी भडकलो. यंत्र कंपनीचं, परवानगी सरकारची, आणि जेलात हा माणूस? "नियम काय म्हणतो?"

"नियम व्हायचाय अजून, इन्शाल्ला." त्यांनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. "तोवर कागदावर माझं नाव."

पुण्यात मी कामगारांच्या हक्कांसाठी ढीगभर पत्रकं लिहिली होती, घोषणा दिल्या होत्या. पुढच्या चौकात पुन्हा माणसं दिसली, तेव्हा मला त्यातलं काहीच आठवलं नाही. पाय पत्र्यावर दाबून मीही म्हणत होतो, थांब गं बाई, थांब.