नावापुढचं ताई

ऑफिसातल्या सगळ्यांच्या यादीतली नावं साफ करायला मी संगणकावर एक छोटं फंक्शन लिहिलं. नावाला चिकटलेलं ताई, राव, काका ते काढून टाकतं, म्हणजे एकाच माणसाची दोन माणसं होत नाहीत. संगणकाला ते सगळं जास्तीचं.

शेजारच्या टेबलावरचा निखिल स्क्रीनकडे बघून हसला. "कॅन्टीनच्या सुमनताईंना नुसतं सुमन केलंस? त्यांच्यासमोर म्हणून दाखव."

एवढं बोलून तो बाकीच्यांबरोबर जेवायला निघून गेला.

मग मी माझंच नाव त्यात घालून पाहिलं. जसं होतं तसंच बाहेर आलं. घरी धाकटा भाऊ मला नुसत्या नावाने कधीच हाक मारत नाही. इथे ऑफिसात माझ्या नावाला अजून कुणी काही जोडलेलं नाही.