न फिरलेला नॉब

रोज सकाळी दाढी झाली की काका कपाटातून कॅमेरा काढायचे आणि आत रोल नसतानाच आठ-दहा वेळा खटका दाबायचे, कान अगदी जवळ नेऊन. आतला पडदा आधी सेकंदाचा हजारावा भाग उघडा, मग पाचशेवा, असं उतरत उतरत पूर्ण एका सेकंदापर्यंत. पडून राहिलं की स्प्रिंगसुद्धा आळसावते, असं त्यांचं म्हणणं. मग रविवारी तुम्ही एवढे पडून का राहता, असं काकू आतून विचारायची.

काका दातांच्या कवळ्या बनवायचे. त्यांच्या कामाच्या खोलीत फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत, प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलीने लिहिलेला आकडा. तिथून उरलेला जीव कॅमेऱ्यात. दोन लेन्स, एक पिवळा फिल्टर, खटका दुरून दाबायची वायर, कॅमेरा टेकवायला स्वतः शिवलेली वाळूची पिशवी. लेन्सला बुरशी लागू नये म्हणून बुटांच्या खोक्यात येणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या ते ओळखीपाळखीच्या सगळ्यांकडे मागत. जगाने रोल सोडले, काका सोडीनात. रोलमध्ये छत्तीस फोटो, म्हणून कामावरच्यांनी त्यांचं नावच छत्तीस ठेवलं होतं. काकू म्हणायची, नाव बरोबर आहे, आमच्या दोघांचा आकडाच तो.

कॅमेरा हातात घेणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा एकच धडा होता. रोल लावल्यावर डावीकडच्या नॉबवर नजर ठेवायची. उजवीकडची लिव्हर ओढली की तो फिरला पाहिजे. नाही फिरला, तर फिल्म आत अडकलेलीच नाही आणि तुम्ही हवेचे फोटो काढताय.

काकूचा खालचा एक सुळा तिरका होता. सगळ्यांना बत्तीशी वाटणाऱ्याला घरातला एक दात सरळ करता येईना, असं लोक चिडवत. पण काकूच त्याला हात लावू देत नसे आणि कॅमेऱ्यासमोर ओठही उघडत नसे. एकतीस वर्षांच्या फोटोंत ती मिटल्या ओठांची आहे.

मग त्याच बाजूला गाठ निघाली. खालच्या जबड्याची डावी बाजू काढावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. दिवसभर लोकांचे जबडे हाताळणाऱ्या माणसाला घरातली गाठ दिसली नव्हती. हे त्यांना कोणी बोलून दाखवलं नाही. त्याची गरजही नव्हती.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी, कपडे पिशवीत भरता भरता, काकू आपणहून म्हणाली, "काढा आज. दात दाखवते."

फ्रिजमध्ये लोण्याच्या डब्यामागे शेवटचा रोल होता. फिल्मची जीभ खाचेत घालायला काकांना चार प्रयत्न लागले. काकू खिडकीपाशी स्टुलावर बसली. दोन गिऱ्हाइकांच्या कवळ्या एकदा अदलाबदल झाल्या आणि पंधरा दिवस दोघांनीही तक्रार केली नाही, ती गोष्ट काकांनी सांगितली. काकू हसली. तोंड उघडून, सुळ्यासकट. एका फोटोला नाही, छत्तीसही फोटोंना.

तीन वाजता आत्या तिला घेऊन दवाखान्यात पुढे गेली. रोल संपला की लिव्हर घट्ट होते, पुढे सरकत नाही. काकांनी ती सहज ओढली. सदतीस. अडतीस. लिव्हर लोण्यासारखी मऊ. ते ओढतच राहिले, जणू कुठेतरी ती अडेलच. मग डावीकडचा नॉब चाचपला, तो सैल होता. त्यांनी मागचं झाकण उघडलं. फिल्मची जीभ खाचेतून निसटून बाहेर पडली होती. एक इंचही पुढे गेली नव्हती.

काका जमिनीवर बसले. मी दारात उभी होते. हाक मारली, तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी तिच्याकडे बघत होतो गं."

रोल कोराच होता, म्हणजे अजून चालणारा. त्यांनी तो पुन्हा लावला, तीनदा नॉब तपासला आणि वाळूची पिशवी काखेत मारून निघाले. मी मागोमाग. दवाखान्यात पोचेपर्यंत पाच वाजले होते. सिस्टरने फ्लॅशला बंदी करून पाच मिनिटं दिली. काकूच्या गालावर जांभळ्या शाईच्या खुणा केलेल्या होत्या.

अजून एक असू दे, जास्तीचा, असं काका म्हणाले. काकूने ओठ ताणले, पण ते हसू नव्हतं. त्यांनी कवळ्यांची गोष्ट पुन्हा काढली. ऐकलीय ती, काकू म्हणाली. त्यांनी दुसरी सांगितली, तिसरी अर्ध्यावरच सोडली. खिडकीतला उजेड उतरत होता, कॅमेऱ्यातली उजेड मोजणारी सुई खाली खाली येत होती. सेकंदाचा पंधरावा भाग. मग आठवा. सिस्टर दाराशी येऊन उभी राहिली.

काकांनी कॅमेरा मांडीवर ठेवला. "एकही आलेला नाही. रोल अडकलाच नव्हता."

काकू त्यांच्याकडे बघत राहिली. "नॉब?"

त्यांनी नाही अशी मान हलवली, आणि काकू हसली. अख्खा जबडा उघडून, शेजारच्या खाटेवरची बाई वळून बघेल इतकी. काकांनी धडपडत कॅमेरा उचलला. टेकवलेली वाळूची पिशवी खाटेच्या दांडीवरून घसरली. तोवर कळ येऊन काकूने तोंडावर हात धरला होता. काकांनी खटका दाबला.

तो फोटो काकांच्या खोलीत लावलेला आहे. हलला आहे. हात आहे, हाताच्या वर हसणारे डोळे आहेत. सुळा नाही. रोलचे उरलेले पस्तीस काकांनी वापरले नाहीत, तसेच धुऊन आणले. ती रिकामी पट्टी त्यांनी जपून ठेवली.

काकू त्यानंतर तीन वर्षं होती. तोंडाशी रुमाल धरून बोलायची. काकांनी तिला फोटोचं पुन्हा विचारलं नाही. सकाळचे खटके मात्र चालू राहिले, ती गेल्यावरही, हात उचलवेनासा होईपर्यंत.

नंतर काका अंथरुणाला खिळले. शेवटचे आठ दिवस त्यांचं बोलणंही बंद होतं. बोलणं बंद व्हायच्या आदल्या दुपारी मी त्यांच्या उशाशी बसून कॅमेऱ्यात कुठून तरी मिळवलेला नवा रोल घातला, झाकण लावलं आणि लिव्हर ओढली. त्यांना मान वळवता येत नव्हती, फक्त आवाज ऐकू आला असेल.

"नॉब फिरला का?" त्यांनी विचारलं.