कानातला पंप

धुलाईखान्याच्या तळघरात एक बॉयलर होता आणि बॉयलरपाशी एक भित्रा माणूस होता. हे उत्तमच. बॉयलरवर धीट माणूस ठेवला की एखाद्या दिवशी छप्पर शोधत फिरावं लागतं.

त्याला सगळे कानसेन म्हणत. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नसे. पण बॉयलरमध्ये पाणी चढवणारा पंप कधी सुरू झाला, कधी थांबला, बर्नरची ज्योत नीट आहे की तिला धाप लागलीय, हे तो डब्यातून मान वर न काढता सांगे. ही विद्या त्याला ज्या उस्तादानं दिली, त्याचा अर्धा चेहरा वाफेनं भाजलेला होता. त्यामुळे उस्तादाचं बोलणं सहसा कुणी हसण्यावारी नेत नसे. "बॉयलर ओरडला तर घाबरू नको रे," उस्ताद म्हणे. "गप्प बसला की घाबर." शिष्यानं सुरक्षित मार्ग पत्करला. तो दोन्ही वेळी घाबरे.

शिवाय त्याच्या बरोबर डोक्यावर इस्त्रीखातं होतं आणि तिथे गरम रुळांतून चादरी सोडायच्या कामावर त्याची बायको होती. खाली काही झालं तर वर कुणाचं काय होईल, हा विचार तो रोज कामावर येताच मनातून हाकलून देई. विचार बाहेर जाई आणि दाराशी बसून राही.

यात त्याची झोप गेली. सुटीच्या दुपारी घर शांत झालं की तो ताडकन उठून बसे.

"अहो, काय झालं?"

"काही आवाज नाही."

"मग झोपा की!"

"म्हणून तर उठलो."

शेवटी लेकीनं बापाच्या मोबाइलवर गाणी आणि पॉडकास्ट ऐकायचं एक अ‍ॅप टाकून दिलं. तळघरात रेंज मिळत नसे, म्हणून लागेल ते फाटकापाशीच डाउनलोड करून घ्यायचं, हेही शिकवलं. कानसेननं पहिल्याच आठवड्यात हृदयविकारावरचा एक पॉडकास्ट शेवटपर्यंत ऐकला. झालं! अ‍ॅपनं त्याच्यापुढे मूत्रपिंडं मांडली, मग घरफोड्या, मग भूकंप.

"बाबा, तुम्ही ऐकता म्हणून ते देतं."

"अगं, मी आवडीनं नाही ऐकत. घाबरून ऐकतो."

"त्याला तेवढं कळत नाही हो."

भूकंपांच्या खालोखाल मात्र त्याला घबाड सापडलं. झोप येण्यासाठीचे आवाज! समुद्र होता, पंखा होता, मांजराची घुरघुर होती, आणि तळाशी चक्क 'बॉयलरची खोली' होती. जगात कुठेतरी कुणीतरी बॉयलरपाशी बसून हे टिपून ठेवलं होतं. पंपाचं 'खट्', मग गुंजन, मग पुन्हा 'खट्', आणि मागे बर्नरचा संथ घोष. त्यानं ते डाउनलोड केलं आणि त्या दुपारी तो तान्ह्या बाळासारखा झोपला. पंप चालू आहे, म्हणजे वर सगळे सुखरूप आहेत. त्याच्या अंगाला एवढंच ठाऊक होतं.

पुढे तो कामावरही एका कानात बिनतारी इअरफोनचं बोंडूक घालून गाणी ऐकू लागला. दुसरा कान बॉयलरला. वाटणी त्याला न्याय्य वाटली.

त्या दिवशी सकाळी फाटकापाशी त्याला जुन्या गाण्यांचं एक भांडारच सापडलं. एक घ्यावं तर शेजारी दुसरं. खाली उतरायला उशीर झाला. पाणी फार उतरलं तर आग आपोआप बंद करणारा एक तरंगता गोळा बॉयलरला असतो. त्याच्याभोवतीचा गाळ पाळी सुरू होताना नळ उघडून बाहेर काढायचा, हा नेम. नेम मोडताना तो घाबरला, नाही असं नाही. पण रोजच घाबरणाऱ्याला आजची भीती वेगळी कशी कळावी?

गाणी वाजत राहिली. तो व्हॉल्व्ह पुसत होता. मधेच पंप सुरू झाल्याचं 'खट्' त्यानं ऐकलं आणि त्याचं मन निवलं. थोड्या वेळानं आणखी एकदा. छान चाललं होतं.

मग त्याच्या कानाशी कुणीतरी खोकलं.

कानसेन गर्रकन वळला. मागे भिंत होती. खोलीत त्याच्याखेरीज कुणी नव्हतं. पुन्हा खोकला, अगदी आत, कवटीतून आल्यासारखा. त्यानं कानातलं बोंडूक उपटून फेकलं, आणि पंपही थांबला.

गाणी केव्हाच संपली होती. अ‍ॅपनं आपल्या अकलेनं पुढचं लावलं होतं: 'बॉयलरची खोली'. आवाज टिपणाऱ्या माणसाचा तो खोकला त्यानं घरी कधी ऐकला नव्हता, कारण तिथवर पोचायच्या आत त्याला झोप लागलेली असे.

खरा पंप केव्हापासून बंद होता, देव जाणे. पाणी दाखवणाऱ्या काचेत पाणी दिसत नव्हतं. गाळात अडकलेला गोळा खाली आलाच नव्हता. बर्नर मात्र इमानानं जळत होता.

कानसेनचा हात पंपाच्या बटणाकडे धावला आणि वाटेत थिजला. कोरड्या तापल्या लोखंडावर गार पाणी घातलं की काय होतं, ते उस्तादाच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. त्यानं बर्नर बंद केला आणि जिन्यावरून चार पायांवर वर गेला.

"बाहेर! सगळ्या बाहेर!"

"अहो, चादर रुळात आहे—"

"जळू दे चादर! पळ म्हणतो ना!"

लग्नानंतर त्यानं पहिल्यांदाच आवाज चढवला होता, त्यामुळे ती आधी थक्क झाली आणि मग पळाली.

सगळी अंगणात उभी राहिली. काही झालं नाही. बॉयलरनं धातू आवळल्याचे दोनचार कण्हल्यासारखे आवाज काढले आणि तो निवत गेला. त्या प्रत्येक आवाजाला कानसेन बायकोचा दंड घट्ट धरी. मेकॅनिकनं पाहून सांगितलं, पंपाची मोटर जळलीय. आणखी थोडा वेळ आग राहती तर ही बैठक अंगणात भरली नसती. बायका 'वाचवलंत हो' म्हणू लागल्या. त्या शब्दांनी त्याला बॉयलरपेक्षा जास्त धडकी भरली.

संध्याकाळी बायको त्याच्याबरोबर डबा घ्यायला तळघरात उतरली. मोरीच्या कडेला तिला ते बोंडूक सापडलं. मोबाइल त्याच्या खिशात तसाच चालू होता. झोपेचे आवाज संपत नाहीत, संपले की पहिल्यापासून लागतात. तिनं ते बोंडूक पदराला पुसलं, सहज कानात घातलं आणि ऐकत उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "उगाच घाबरवलंत सगळ्यांना. चाललाय की तुमचा पंप!"

कानसेननं तिचा हात धरला, पंपापाशी नेला आणि तिचा तळवा त्या गार, निपचित लोखंडावर ठेवला.