पट्टे सोडून मी सोयाबीन सांगितलं

"याचा उपयोग काय?" एवढंच त्या बाईंनी विचारलं होतं, आणि मी सोयाबीन म्हणालो.

बाई दिल्लीच्या समितीतल्या, संगणकाच्या पडद्यावर. मी परभणीत, कॉलेजच्या पदार्थविज्ञान विभागात. वर कोट, टेबलाखाली चप्पल. मूलभूत संशोधनाला सरकार जे अनुदान देतं, त्यासाठी आमची ही तिसरी खेप. शेजारी, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी, माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी बसली होती. विद्यार्थिनी म्हणजे काही लहान नव्हे. चुडाव्याहून रोज रेल्वेनं येणारी, एका लेकीची आई. जुन्या प्रकल्पाची मुदत उन्हाळ्यात संपणार होती, त्याच्यासोबत तिची शिष्यवृत्तीही. नवा मंजूर झाला तर तिचं शेवटचं वर्ष पुरं होणार, नाहीतर प्रबंध अर्ध्यावर.

विषय साधा आहे. काचेच्या नळीतली हवा पंपानं ओढून घ्यायची, थोडा आरगॉन सोडायचा आणि वीज द्यायची. वायूचा प्लाझ्मा होतो, नळी जांभळी उजळते आणि त्या उजेडात पट्टे पडतात, एक उजळ, एक अंधारा. कधी ते जागच्या जागी असतात, कधी चालायला लागतात. आमच्या नळीत एका ठरावीक दाबाला ते चालता चालता थबकतात आणि उलटे फिरतात. का, ते आम्हाला कळलेलं नाही. तेवढंच शोधायचं होतं. पंप जुना, तेल गळणारा. लाइट गेली की दिवसभराची मेहनत गेली.

मग सोयाबीन कुठून आलं? तर हे कृषी विद्यापीठाचं गाव. इथं कटिंगच्या दुकानात जरी प्लाझ्मा सांगितला तरी कात्री थांबवून विचारतात, "पिकाला काई फायदा हाय का सर?" "आहे की," म्हणून टाकायची मला सवयच लागली आहे. नाही म्हटलं की समोरचा असा बघतो, जणू आपण त्याचं उभं पीक तुडवून निघालोय.

तसंच झालं. बियाण्याला प्लाझ्मा दिला की उगवण सुधारते, असं मी बाईंना ठोकून दिलं. तसं काम करणारे लोक आहेत, नाही असं नाही. आम्ही त्यांतले नाही, एवढंच. बाईंनी मान डोलावली तसा मला चेव आला. मी तूर काढली, कापूस काढला. शेजारून विद्यार्थिनी माझी बाही ओढत होती. मला वाटलं, छान चाललंय म्हणतेय.

दोन महिन्यांनी पत्र आलं. प्रस्ताव उपयुक्त आहे, म्हणूनच मूलभूत संशोधनाच्या योजनेत बसत नाही; शेतीच्या योजनेकडे अर्ज करावा. गेलो तिकडे. तिथल्या साहेबांनी चहा पाजला, कागद चाळले आणि विचारलं, "सर, आजवर किती बी पेरून बघितलं तुमी?"

"एकही नाही."

"मग हे तर तुमचं भौतिकशास्त्रच झालं की. मूलभूतवाल्यांकडं जावा."

परत आलो तेव्हा नळी चालू होती. विद्यार्थिनीला सगळं सांगितलं, पत्र दिलं. तिनं ते दोनदा वाचलं, मग वीज बंद केली, पंप थांबवला आणि झडप उघडून नळीत हळूहळू हवा सोडली.

"सर, पट्टे उलटे का फिरतात ते माहीत नाही, एवढंच सांगायचं होतं. मी प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर लिहून दिलं होतं."

तिनं पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली.

"पिंगळीच्या शाळेत जागा निघालीय. जाऊ का?"

"थांब, होईल काहीतरी," हे अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. "जा," म्हणालो.

संध्याकाळी घरी बायको मेथी निवडत बसली होती. तिच्यासमोर बसून मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिनं काड्या बाजूला सारल्या.

"घरात गॅस कधी लावला विचारलं, तर म्हणता माहीत नाही. पाहुणे कधी येणार, माहीत नाही. लेकीची परीक्षा कधी, तेही माहीत नाही. आणि जिथं तेवढंच म्हणायचं होतं, तिथं तुमाला सगळं कसं काय माहीत झालं हो?"