हलिमाभाभीची सात पाण्यांची शेगडी

हलिमाभाभीच्या हट्टापुढे कुणाचं काही चालत नाही, हे अख्ख्या कडाव गावाला ठाऊक आहे. मी तर तिची शेजारीण, मला विचारा! बारा वर्षं तिने एका फार्महाउसवर पाहुण्यांसाठी रांधलं. परवा तिथल्या मॅडमनी जुनी बार्बेक्यूची शेगडी भंगारात काढली, तर ही बया नवऱ्याच्या, याकूबभाईंच्या, टेंपोत घालून ती घरी घेऊन आली. तिचं ठरलेलं: शेगडी धड निघाली तर नोकरी सोडून नाक्यावर स्वतःची कबाबची गाडी लावायची, नाहीतर गुपचूप परत फार्महाउसवर रांधायला.

झाकण उघडलं आणि मी नाकाला पदर लावला. आत बोटभर जाड काळा चिकटा!

"तळ सडलाय गं. चिकट्यावर उभी हाय ती," याकूबभाई म्हणाले. हा माणूस कधी चांगलं बोलेल तर शपथ!

भाभीने आत कोळसा पेटवून, झाकण लावून तासभर चिकटा जाळला. गार झाल्यावर आम्ही दोघी उलथन्यांनी खरवडायला बसलो. काय पोपडे निघत होते! मला तर चेवच आला. लोखंड दिसल्यावर मी म्हटलं, "झालं!"

"झालं कसलं?" भाभी म्हणाली. " पाहुण्यांनी हिच्यावर डुक्करसुद्धा भाजलंय, आमच्यात ते हराम. सात पाण्यांनी धुवायची, त्यातलं एक मातीचं."

मोजायचं काम माझं. आणि बडबडीच्या नादात मी विसरले! मी म्हणते सात, भाई म्हणतात सहा.

"पयल्यापासून," भाभीने फर्मावलं.

मी अशी वैतागले! मातीचं पाणी ओतून नारळाच्या शेंडीने तळ कचाकचा घासला, तर खालून धार लागली, थेट भाईंच्या पायावर.

"पडलं भोक! सांगत नव्हतो?"

भाभी मटकन खाली बसली. तिचा चेहरा बघवेना मला. मी हात घालून चाचपलं. कडा गुळगुळीत, भोक अगदी गोल.

"अगं भाभी, हे सडलेलं नाय! चरबी गळायला ठेवलेलं भोक हाय, इतकी वर्षं बुजलं होतं!"

भाईंनी उकिडवं बसून खालून बघितलं. चारी बाजूंनी ठोकलं. खणखणीत! "शाबूत हाय बुवा," ते पुटपुटले.

पुढची पाणी भाभीने स्वतः घातली, मोठमोठ्याने मोजत. सातवं झालं आणि ओल्या हातानेच तिने फोन लावला. "मॅडम, उद्यापासून दुसरी बाई बघा."

"का गं, काय झालं?" पलीकडून आवाज आला.

"माजं गिऱ्हाईक खोळंबतंय," भाभी म्हणाली. गाडीचा अजून पत्ता नव्हता.