फरीदाबाईंच्या बकऱ्या

देगलूरच्या बालवाडीत त्या सकाळी फरीदाबाई पोरांना चित्रांच्या पुस्तकातून मोजायला शिकवत होत्या. समोर धान्याच्या आडत दुकानाचे मालक गुरुपादप्पा उभे होते. नातीला, अंजूला, कायमचं घेऊन जायला.

"चित्रं बघून कुठं गणित येतंय व्हय, बाई? मोज म्हणलं की पोरगी मुंडी खाली घालते. सोमवारपासून इंग्रजी शाळेत घालून राहिलो."

"आप्पा, एकडाव तुमच्यासमोर बघते. न्हाई जमलं तर न्या."

बोलून तर बसल्या, पण भरवसा त्यांनाच नव्हता. बाकीची पोरं पुस्तकातली पाखरं, भाकरी धडाधड मोजायची. अंजू पहिल्याच चित्रापाशी अडायची. आधी काहीतरी पुटपुटायची तरी, बाई म्हणायच्या, "तसं न्हाई, एक म्हण." मग तेही थांबलं.

त्यांनी बकऱ्यांचं पुस्तक उघडलं. गोठ्याबाहेर पाच बकऱ्या. "मोज, बाळ."

अंजूनं पहिल्या बकरीवर बोट ठेवलं, बाईंकडं पाहिलं आणि ओठ मिटले.

"बघा!" आप्पांनी तिचा दंड धरला. पण त्यांनाच राहवेना, खाली वाकले. "आगं, ह्यात काय हाय? लाभ, दोन, तीन..."

"चार, पाच!" अंजू ओरडली.

आता फरीदाबाईंच्या ध्यानात आलं. धान्य मोजताना आडतवाले पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. त्यांच्या अब्बांच्या दुकानातही पहिलं माप 'बरकत'च असायचं. पोरगी तेच पुटपुटत होती, आणि त्यांनीच तिचं तोंड बंद केलं होतं!

"हे तर पाठांतर," आप्पा गुरगुरले. "दुकानात ऐकून ऐकून झालेलं. तिला कळतंय का काही?"

खरंच कळत होतं का? बाईंनी पान उलटलं. एकेक बकरी गोठ्यात शिरत गेली. शेवटच्या पानावर अंधारून आलेलं, दार अर्धं लागलेलं. बाईंनी विचारलं, "आता बाहेर किती?"

अंजू कपाळाला आठ्या घालून बघत राहिली.

"एक. हिला आत घ्या की लवकर, कोल्हा येईल!"

पहिल्या मापाला लाभ म्हणणाऱ्या पोरीनं चित्र बघून उत्तर मात्र 'एक' असं दिलं होतं. आप्पांनी दंड सोडला. उगीचच टोपी सारखी केली.

"राहू द्या हिला हितंच. पण बाई, आमचं लाभ तेवढं मोडू नका."

"न्हाई मोडत, आप्पा. उद्यापासून लाभ बी म्हणू, एक बी."